चालू अॅप्लिकेशनमध्ये ईएफ कोअर आणताना: एडीओ डॉट नेटवर काम केलेल्यांसाठी

तुमच्याकडे एक चालू अॅप्लिकेशन आहे. सी शार्पमध्ये लिहिलेलं, मागे एसक्यूएल सर्व्हर. डेटा आणायची पद्धत एडीओ डॉट नेटची: कनेक्शन उघडायचं, कमांडमध्ये क्वेरी किंवा प्रोसिजरचं नाव टाकायचं, पॅरामीटर भरायचे, डेटाटेबल भरून ग्रिडला लावायचा. हे सगळं वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललंय. आता टीमने ठरवलंय की यापुढचं काम एन्टिटी फ्रेमवर्क कोअरवर, म्हणजे ईएफ कोअरवर (टेबलांच्या ओळी सी शार्पच्या ऑब्जेक्टमध्ये आणणारी आणि त्यासाठीची एसक्यूएल स्वतः बनवणारी मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) करायचं, आणि सुरुवात तुम्ही करायची आहे. कोणत्या क्रमाने जायचं आणि कुठे थांबून नीट बघायचं, ते इथे सांगतो.

उदाहरणाला गावातल्या दूध संस्थेचं संकलन सॉफ्टवेअर घेऊ. त्यात उत्पादकांचं टेबल आहे, रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या संकलनाचं टेबल आहे, ज्यात लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन पदार्थ) आणि दर येतात. पशुखाद्य आणि उचल यांच्या कपातींचं टेबल आहे, आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. टेबलं मोजकी आहेत, पण पैशाचा हिशोब आहे आणि तो प्रत्येक उत्पादक स्वतः ताडून बघतो. त्यामुळे शिकायला हे उदाहरण चांगलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुना कोड मोडून पुन्हा लिहायला बसू नका. नवं तंत्र जुन्याच्या शेजारी बसवा, एकेक स्क्रीन हलवा, आणि प्रत्येक टप्प्यावर सर्व्हरकडे खरोखर कोणती एसक्यूएल जाते ती वाचा. ईएफ तुमचे एसक्यूएल लिहायचे कष्ट वाचवतं, पण ती समजून घेण्याची जबाबदारी तुमच्याकडेच राहते.

थोडा मागचा प्रवास

मायक्रोसॉफ्टच्या जगात डेटापर्यंत पोचायची वाट दर काही वर्षांनी बदलत आली आहे. १९९२ मध्ये ओडीबीसी आलं. मग अॅक्सेस आणि व्हिज्युअल बेसिकबरोबर डीएओ, त्यानंतर आरडीओ, १९९६ मध्ये ओएलई डीबी आणि त्यावर बसलेलं एडीओ. २००२ मध्ये डॉट नेटबरोबर एडीओ डॉट नेट आलं. २००७ च्या शेवटी लिंक टू एसक्यूएल, २००८ मध्ये एन्टिटी फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती, आणि २०१६ मध्ये नव्याने लिहिलेलं ईएफ कोअर.

यातून दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. लिंक टू एसक्यूएल बाजारात येऊन वर्षही होत नाही तोच मायक्रोसॉफ्टने एन्टिटी फ्रेमवर्क हीच पुढची शिफारस असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी दर काढायचं गणित, कपातीचे नियम वगैरे सगळं त्या तंत्राच्या क्लासेसमध्येच गुंतवलं होतं, त्यांना ते सोडवून घेणं जड गेलं. म्हणून फॅट-एसएनएफवरून दर काढणारा कोड डेटाबेसच्या कोणत्याही तंत्राला न ओळखणारा असावा. हे काम आजच करून ठेवा, ईएफ आणा किंवा न आणा.

दुसरी गोष्ट जास्त दिलासा देणारी. एडीओ डॉट नेट कुठेही गेलेलं नाही. ईएफ कोअर आतून त्याच्यावरच चालतं: तेच कनेक्शन, तीच कमांड, तोच डेटा रीडर, तोच कनेक्शन पूल (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शन्स). त्यामुळे दोन्ही एकाच अॅप्लिकेशनमध्ये, इतकंच काय एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये नांदू शकतात. पुढचा सगळा आराखडा याच आधारावर उभा आहे.

पायरी १: कुठे आणायचं ते ठरवा

कागद घ्या आणि अॅप्लिकेशनमधल्या स्क्रीनची यादी करा. उत्पादकाची माहिती भरणं-बदलणं, कपातीची नोंद, दरपत्रक सांभाळणं अशा जागी ईएफ फार उपयोगी पडतं. एक-दोन टेबलं, त्यांची नाती, थोडे नियम, आणि एरवी तेच ते इन्सर्ट-अपडेट लिहीत बसणं.

दहा दिवसांचं बिल काढणारी, हजारो ओळींवर चालणारी प्रोसिजर मात्र आहे तिथेच राहू द्या. संकलन यंत्राकडून आलेली फाइल एका दमात टेबलात घालणारा बल्क कॉपीचा कोडही राहू द्या. मोठे रिपोर्ट ज्या एसक्यूएलमध्ये घासूनपुसून लिहिले आहेत, ते ईएफमध्ये लिहून काही हाती लागत नाही. आणि तुमच्या टीमला एसक्यूएल स्वतःच लिहायची आहे, फक्त निकाल ऑब्जेक्टमध्ये भरायचा कंटाळा येतो, एवढीच अडचण असेल तर डॅपर पुरेसं आहे. स्टॅक ओव्हरफ्लोच्या टीमने स्वतःच्या गरजेतून बनवलेली ही छोटी लायब्ररी आहे आणि ती ईएफच्या शेजारीही चालते.

पायरी २: आवृत्ती, ड्रायव्हर आणि डेटाबेसचं वय

अॅप्लिकेशन डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर असेल तर आधी थांबा. त्यावर चालणारी ईएफ कोअरची शेवटची आवृत्ती ३.१ होती आणि तिचा सपोर्ट डिसेंबर २०२२ मध्ये संपला. अशा वेळी दोन मार्ग आहेत: जुन्या शाखेतलं ईएफ ६ वापरायचं, किंवा आधी अॅप्लिकेशन नव्या डॉट नेटवर न्यायचं आणि ते स्थिर झाल्यावर ईएफ कोअरचा विचार करायचा. दोन्ही एकदम करू नका. काही बिघडलं की कशामुळे बिघडलं हे शोधण्यातच आठवडे जातात. नवं काम सुरू करत असाल तर दीर्घ सपोर्टची आवृत्ती घ्या. आवृत्ती ८ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे, नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या १० चा नोव्हेंबर २०२८ पर्यंत.

यानंतर ड्रायव्हर. जुना कोड बहुधा 'सिस्टिम डॉट डेटा डॉट एसक्यूएलक्लायंट' वापरतो, ईएफ कोअर ३ पासून पुढे 'मायक्रोसॉफ्ट डॉट डेटा डॉट एसक्यूएलक्लायंट' वापरतं. क्लासेसची नावं तीच, पण ते वेगळे क्लास आहेत, आणि एकाचं ट्रान्झॅक्शन दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून ईएफची एक ओळही लिहिण्याआधी जुना कोड नव्या ड्रायव्हरवर न्या आणि त्याचं स्वतंत्र रिलीज करा. बहुतेक फाइल्समध्ये वरची एक ओळ बदलावी लागते. पण एका ठिकाणी जास्त लक्ष द्या: एखाद्या फाइलमध्ये जुन्या ड्रायव्हरचं एक्सेप्शन पकडणारा कॅच ब्लॉक तसाच राहिला, तर कोड कंपाइल होतो, फक्त ते एक्सेप्शन तिथे कधीच पकडलं जात नाही. प्रोजेक्टमधून जुन्या पॅकेजचा संदर्भच काढून टाका, म्हणजे राहिलेल्या जागा कंपायलर दाखवून देईल.

नव्या ड्रायव्हरच्या आवृत्ती ४ पासून कनेक्शन डीफॉल्टने एन्क्रिप्ट होतं. संस्थेच्या कार्यालयातल्या सर्व्हरवर स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट असेल, तर काल चालणारं कनेक्शन आज 'सर्टिफिकेट विश्वासार्ह नाही' असं म्हणून नाकारलं जाईल. खरा उपाय म्हणजे सर्व्हरवर नीट सर्टिफिकेट बसवणं. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये सर्टिफिकेटवर डोळे झाकून विश्वास ठेवायची सूचना देता येते, पण ती बंद नेटवर्कमध्ये आणि तात्पुरतीच ठेवा.

तिसरी तपासणी डेटाबेसच्या कम्पॅटिबिलिटी लेव्हलची, म्हणजे डेटाबेस सर्व्हरच्या कोणत्या आवृत्तीसारखा वागेल ते सांगणाऱ्या आकड्याची. डेटाबेस जुन्या सर्व्हरवरून बॅकअप घेऊन नव्यावर रिस्टोअर केला की, नवा सर्व्हर ती जुनी पातळी चालवून घेत असेल तोवर पातळी जुनीच राहते. त्यामुळे सर्व्हर २०१९ चा आणि डेटाबेसची पातळी १०० किंवा ११० असं चित्र सर्रास दिसतं. ईएफ कोअर ८ मध्ये यादीतल्या उत्पादक क्रमांकांवरून शोध घेतला, की ते ओपनजेसन हे फंक्शन वापरणारी एसक्यूएल बनवतं आणि तिला १३० पातळी लागते. खालच्या पातळीवर ती क्वेरी सिंटॅक्स एररने पडते. पातळी वाढवणं शक्य असेल तर ते वेगळं काम म्हणून आधी करा, कारण त्याने क्वेरी प्लॅनही बदलू शकतात. शक्य नसेल तर ईएफला जोडणी सांगताना खरी पातळी कळवायची सोय आहे, ती वापरा.

पायरी ३: टेबलांवरून मॉडेल बनवा, पण सगळ्यांवरून नको

वेगळा प्रोजेक्ट करा आणि स्कॅफोल्ड कमांडने टेबलांवरून क्लासेस, म्हणजे ईएफचं मॉडेल, तयार करून घ्या. कमांडला टेबलांची नावं देता येतात. पहिल्यांदा उत्पादक, संकलन आणि कपात एवढीच द्या. पूर्ण डेटाबेस स्कॅफोल्ड केला तर तात्पुरती टेबलं, कुणीतरी चार वर्षांपूर्वी घेतलेल्या बॅकअपची टेबलं, सगळ्यांचे क्लास तयार होतात आणि ते कायमचे राहतात.

तयार झालेला कोड वाचून काढा. कमांड कनेक्शन स्ट्रिंग सरळ कोडमध्ये लिहून ठेवते, ती काढा. ते टाळायचा पर्यायही कमांडमध्ये आहे. ज्या टेबलाला प्रायमरी की नाही, त्याचा क्लास बिनकीचा बनतो आणि त्यात ईएफला लिहिता येत नाही. जुन्या डेटाबेसमध्ये फॉरेन की अनेकदा घातलेल्याच नसतात, मग उत्पादक आणि संकलन यांचं नातं मॉडेलमध्ये येत नाही, ते हाताने सांगावं लागतं. त्याआधी डेटा तपासा. ज्या उत्पादकाचं नावच टेबलात उरलेलं नाही अशा संकलनाच्या ओळी निघाल्या, तर नातं सांगताच यादीतून त्या ओळी गायब व्हायला लागतील, कारण ईएफ सक्तीच्या नात्यासाठी इनर जॉइन लावतं.

आता या पायरीतला खरा कस: डेटाटाइप. स्कॅफोल्ड केलेल्या मॉडेलमध्ये ते बरोबर येतात. पण पुढे कुणीतरी हाताने नवा क्लास लिहितो, त्यात 'डेसिमल' एवढंच म्हणतो, आणि ईएफ त्याचा अर्थ १८ अंक, त्यातले २ दशांश असा धरतं. लिटरच्या कॉलममध्ये तीन दशांश असतील आणि यंत्राने ७.१२५ लिटर दिलं असेल, तर तिसरा अंक वाटेतच जातो. एरर येत नाही, लॉगमध्ये फक्त इशारा येतो. एका ओळीवर हे किरकोळ वाटतं, पण रोज दोन वेळा, प्रत्येक उत्पादकाच्या खात्यात ते साचत जातं. फॅट, एसएनएफ, लिटर, दर आणि रक्कम या प्रत्येक कॉलमची अचूकता मॉडेलमध्ये लिहूनच ठेवा.

मजकुराच्या कॉलमचं प्रकरण मराठी अॅप्लिकेशनमध्ये जास्त महत्त्वाचं. ईएफ स्ट्रिंगला एनव्हारकॅर (युनिकोड मजकुराचा टाइप) समजतं. उत्पादकाच्या देवनागरी नावासाठी ते अगदी योग्य आहे, कारण साध्या व्हारकॅर कॉलममध्ये देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. पण उत्पादक क्रमांकाचा कॉलम व्हारकॅर असेल आणि मॉडेलला ते सांगितलं नसेल, तर पॅरामीटर एनव्हारकॅर म्हणून जातो. दोन टाइप जुळत नाहीत म्हणून सर्व्हर कॉलमच्या बाजूचं रूपांतर करतो, आणि डेटाबेसचं कोलेशन (मजकूर जुळवायचे आणि क्रम लावायचे नियम) जुन्या एसक्यूएल धाटणीचं असेल तर इंडेक्सवर नेमका शोध घेण्याऐवजी अख्खा इंडेक्स वाचला जातो. निकाल बरोबर येतो, फक्त सावकाश. अशा कॉलमला 'युनिकोड नाही' असं मॉडेलमध्ये सांगा. घाईने सगळ्याच स्ट्रिंगना ते लावू नका, नाहीतर नावांची प्रश्नचिन्हं होतील.

काही जुन्या डेटाबेसमध्ये नावं श्रीलिपीसारख्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत, व्हारकॅर कॉलममध्ये भरलेली असतात. ती युनिकोडमध्ये आणणं हे फार चांगलं काम आहे आणि कधीतरी करायलाच हवं. पण ते ईएफच्या कामात मिसळू नका. तोवर तो कॉलम जसा आहे तसाच मॉडेलमध्ये ठेवा.

तारखांचंही तपासा. ईएफ तारखेला डेटटाइम२ समजतं, जुना कॉलम डेटटाइम असतो, आणि दोघांची सूक्ष्मता वेगळी असल्याने 'बरोबर याच वेळेची नोंद' असा शोध चुकू शकतो. सकाळ-संध्याकाळसाठी एका अक्षराचा कॉलम किंवा 'वाय' आणि 'एन' असे जुने झेंडे असतील, तर व्हॅल्यू कन्व्हर्टर लावून त्यांना एनम किंवा बूलियन करता येतं. टेबल बदलायची गरज नाही.

पायरी ४: पहिली स्क्रीन, फक्त वाचायची

पहिली स्क्रीन अशी निवडा जी काही लिहीत नाही आणि जिचा निकाल सहज ताडून बघता येतो. आपल्या उदाहरणात एका उत्पादकाचं दहा दिवसांचं संकलन. क्वेरी लिंकमध्ये (एलआयएनक्यू, सी शार्पमध्येच क्वेरी लिहायची सोय) लिहा: उत्पादक क्रमांक हा, तारीख या दिवसापासून पुढे आणि त्या दिवसाच्या आत, क्रम तारखेचा आणि मग वेळेचा. क्रम स्पष्ट सांगा. जुन्या क्वेरीत तो सांगितला नसेल आणि तरी ओळी तारखेप्रमाणे येत असतील, तर तो क्लस्टर्ड इंडेक्समुळे घडलेला योगायोग होता.

पूर्ण एन्टिटी (टेबलाच्या अख्ख्या ओळीचा ऑब्जेक्ट) आणण्याऐवजी स्क्रीनला लागतात तेवढेच कॉलम एका साध्या क्लासमध्ये निवडून घ्या. पूर्ण एन्टिटी हवीच असेल तर ट्रॅकिंग बंद करा, कारण फक्त दाखवायच्या ओळींवर लक्ष ठेवण्यात मेमरी आणि वेळ दोन्ही जातात.

आता एसक्यूएल बघा. ईएफ कोअर ५ पासून कोणत्याही क्वेरीची एसक्यूएल टू-क्वेरी-स्ट्रिंग या मेथडने मिळते, आणि लॉग-टू लावलं की जाणारी प्रत्येक कमांड कन्सोलवर दिसते. टॅग-विथ वापरून क्वेरीला स्क्रीनचं नाव द्या. ते एसक्यूएलमध्ये कमेंट म्हणून जातं, त्यामुळे सर्व्हरवर जड क्वेरी सापडली की ती कुठून आली हे लगेच कळतं. जुनी आणि नवी एसक्यूएल मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये शेजारी शेजारी चालवा, स्टॅटिस्टिक्स आयओ सुरू करून लॉजिकल रीड्स बघा. नव्या क्वेरीत नल असू शकणाऱ्या कॉलमभोवती जास्तीच्या अटी दिसतील. सी शार्पमध्ये नल आणि नल समान असतात, एसक्यूएलमध्ये नसतात, म्हणून ईएफ त्या घालतं. कॉलममध्ये नल येतच नसेल तर टेबलात तसं बंधन घाला आणि मॉडेललाही ते सांगा, एसक्यूएल सुटसुटीत होईल.

इथे नवख्या माणसाला तीन सापळे भेटतात.

पहिला सापळा सर्वात महाग. दर काढणारी तुमची सी शार्प मेथड क्वेरीच्या अटीत वापरली, की ईएफ म्हणतं याचं एसक्यूएल करता येत नाही. आवृत्ती ३ च्या आधी ते मुकाट्याने सगळ्या ओळी आणून अट मेमरीत तपासायचं. २०१९ मध्ये ३.० ने हे बंद केलं आणि स्पष्ट एक्सेप्शन देणं सुरू केलं. हा बदल फार चांगला होता. पण एरर घालवायला बरेच जण अटीच्या आधी टू-लिस्ट लिहितात. एरर जाते आणि संकलनाचं अख्खं टेबल मेमरीत येतं. चाचणीच्या डेटाबेसवर पाचशे ओळी असतात म्हणून कुणाला काही जाणवत नाही. टू-लिस्ट कुठे आहे याकडे कोड रिव्ह्यूमध्ये सर्वात आधी बघा. आधी तारीख आणि उत्पादक यांनी ओळी कमी करा, मग टू-लिस्ट, मग मेमरीतलं गणित.

दुसरा सापळा लेझी लोडिंगचा, म्हणजे संबंधित डेटा हात लावताच आपोआप आणण्याचा. ईएफ कोअरमध्ये ते मुळात बंद असतं आणि तसंच राहू द्या. सुरू केलं तर ३०० उत्पादकांच्या यादीत प्रत्येकाचं संकलन दाखवताना एक यादीची आणि ३०० संकलनाच्या, अशा ३०१ क्वेरी जातात. संबंधित डेटा हवा असेल तर तो क्वेरीतच मागा.

तिसरा त्याच्या उलट टोकाचा. एका उत्पादकाबरोबर संकलन आणि कपाती, दोन्ही याद्या इन्क्लूडने मागितल्या. दहा दिवसांच्या दोन वेळा म्हणजे २० संकलनं, आणि ४ कपाती. जॉइनमध्ये यांचा गुणाकार होऊन प्रत्येक उत्पादकामागे ८० ओळी सर्व्हरकडून येतात, लागणाऱ्या असतात २४. स्प्लिट क्वेरी सांगितली की ईएफ प्रत्येक यादीसाठी वेगळी क्वेरी पाठवतं. मात्र दोन क्वेरींच्या मध्ये कुणी नोंद बदलली तर दोन्हींचा मेळ बसेलच असं नाही. बिलाच्या आकड्यांसाठी हे स्नॅपशॉट किंवा सिरिअलायझेबल पातळीच्या ट्रान्झॅक्शनमध्ये वाचा.

निकाल जुळतोय का हे डोळ्यांनी ठरवू नका. एक छोटा प्रोग्राम लिहा जो सगळ्या उत्पादकांसाठी जुनी आणि नवी पद्धत चालवून ओळ न ओळ ताडेल. त्याला लागणारा वेळ पुढे प्रत्येक स्क्रीनला परत मिळतो.

पायरी ५: कॉन्टेक्स्टचं आयुष्य

जुन्या कोडमध्ये एकच स्टॅटिक कनेक्शन सगळीकडे वापरायची सवय असेल, तर ती इथे मोडावी लागेल. डीबी-कॉन्टेक्स्ट (ईएफचा डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) ही थोडा वेळ वापरून टाकून द्यायची गोष्ट आहे. वेब अॅप्लिकेशनमध्ये एका रिक्वेस्टला एक, हे अॅड-डीबी-कॉन्टेक्स्टने आपोआप होतं. विंडोज फॉर्म्समध्ये कॉन्टेक्स्ट फॅक्टरी घ्या आणि एका कामाला एक कॉन्टेक्स्ट बनवा. सकाळी उघडलेला फॉर्म संध्याकाळपर्यंत तोच कॉन्टेक्स्ट धरून बसला, तर दुसऱ्या ऑपरेटरने बदललेला दर त्याला जुनाच दिसत राहतो, कारण एकदा आणलेली एन्टिटी तो पुन्हा क्वेरी केली तरी नव्याने भरत नाही. आणि एक कॉन्टेक्स्ट दोन थ्रेडमध्ये किंवा एकाच वेळी चाललेल्या दोन असिंक कामांत कधीही वापरू नका.

कनेक्शन स्ट्रिंग जुन्या आणि नव्या कोडसाठी अक्षरशः एकच ठेवा. कनेक्शन पूल स्ट्रिंगप्रमाणे बनतो. एक स्पेस जास्त असली तरी दुसरा पूल तयार होतो, आणि सर्व्हरवरची कनेक्शन्स दुप्पट होऊ शकतात.

पायरी ६: आता लिहायला सुरुवात

पहिली लिहिणारी स्क्रीन उत्पादकाच्या माहितीची. रेकॉर्ड आणा, बदललेले गुणधर्म भरा, सेव्ह-चेंजेस म्हणा. ईएफ फक्त बदललेले कॉलम अपडेट करतं. याउलट, स्क्रीनवरून आलेला ऑब्जेक्ट सरळ अपडेट मेथडला दिला की सगळेच कॉलम बदलले असं धरलं जातं, आणि स्क्रीनवर नसलेला बँक खात्याचा कॉलम रिकामा होऊन बसतो. ही चूक पैशाच्या अॅप्लिकेशनमध्ये परवडत नाही, म्हणून अपडेट मेथड टीममध्ये सरसकट टाळा.

दोन ऑपरेटर एकच रेकॉर्ड बदलत असतील तर टेबलात रोव्हर्जन कॉलम (ओळ बदलली की ज्याची किंमत आपोआप बदलते) घाला आणि मॉडेलला सांगा. नंतर सेव्ह करणाऱ्याला एक्सेप्शन मिळेल. ते गिळून टाकू नका. 'ही नोंद मधल्या वेळात बदलली आहे' असं दाखवा आणि नवी माहिती समोर ठेवा.

ट्रिगर. जुन्या डेटाबेसमध्ये ऑडिटसाठी ट्रिगर असतातच. ईएफ कोअर ७ पासून सेव्ह करताना आउटपुट क्लॉज वापरला जातो, आणि ट्रिगर असलेल्या टेबलावर एसक्यूएल सर्व्हर तो तशा रूपात चालू देत नाही. पहिलाच सेव्ह एररने पडला तर घाबरू नका. मॉडेलमध्ये त्या टेबलाला ट्रिगर आहे एवढं सांगितलं की ईएफ जुन्या पद्धतीची एसक्यूएल बनवतं.

बिल कायम करण्याचं काम दोन्ही पद्धतींचं असेल: कपातीच्या नोंदी ईएफने आणि बिलाचा हिशोब जुन्या प्रोसिजरने. हे एका ट्रान्झॅक्शनमध्येच व्हायला हवं. कनेक्शन उघडून त्यावर ट्रान्झॅक्शन सुरू करा, जुन्या कमांडला ते द्या, आणि त्याच कनेक्शनवर बनवलेल्या कॉन्टेक्स्टला यूज-ट्रान्झॅक्शनने तेच द्या. ड्रायव्हर आधी बदलून घेतला त्याचं एक मोठं कारण हे. तात्पुरत्या बिघाडावर पुन्हा प्रयत्न करायची ईएफची सोय सुरू असेल, तर हा सगळा भाग एक्झिक्यूशन स्ट्रॅटेजीच्या आत ठेवावा लागतो, नाहीतर एक्सेप्शन येतं.

अनेक ओळींचा एकसारखा बदल, उदाहरणार्थ एका तारखेच्या सगळ्या नोंदींवर 'बिल झालं' ही खूण, ओळी मेमरीत न आणता करा. आवृत्ती ७ पासून एक्झिक्यूट-अपडेट त्यासाठीच आहे. ते लगेच चालतं, सेव्ह-चेंजेसची वाट बघत नाही, आणि आधी आणलेल्या एन्टिटींना त्या बदलाची खबर नसते. प्रोसिजर ईएफमधून चालवताना फ्रॉम-एसक्यूएलला इंटरपोलेट केलेली स्ट्रिंग द्या, तिच्यातल्या व्हॅल्यू पॅरामीटर बनतात. 'रॉ' नावाच्या मेथडला मात्र कधीही जोडून बनवलेली स्ट्रिंग देऊ नका, एसक्यूएल इंजेक्शनला तिथूनच वाट मिळते.

पायरी ७: टेबलांचा मालक कोण

टेबलं यापुढे मायग्रेशनने (मॉडेलमधले बदल टेबलांवर लावणाऱ्या ईएफच्या कोडने) बदलायची की आतापर्यंतसारखी एसक्यूएल स्क्रिप्टने, यापैकी एकच ठरवा. डेटाबेस दुसरी अॅप्लिकेशन्सही वापरत असतील तर स्क्रिप्टच ठेवा आणि मॉडेल त्यामागून बदला.

मायग्रेशन निवडलंत तर पहिलं मायग्रेशन बनवून त्यातली अप मेथड रिकामी करा आणि मग लावा. टेबलं आधीच आहेत, फक्त इतिहासाच्या टेबलात नोंद पडायला हवी. हे केलं नाही तर ईएफ असलेलीच टेबलं पुन्हा बनवायला जातं. त्यानंतरचं प्रत्येक मायग्रेशन वाचूनच पुढे न्या. कॉलमचं नाव बदललं तर ईएफला तो जुना कॉलम काढून नवा घालण्याचा बदल वाटू शकतो, म्हणजे त्यातला डेटा गेला. तिथे हाताने रिनेम लिहा. प्रत्यक्ष सर्व्हरवर मायग्रेशनची आयडेम्पोटंट (पुन्हा चालवली तरी बिघडत नाही अशी) स्क्रिप्ट काढून, बॅकअप घेऊन, माणसाच्या नजरेखाली चालवा. अॅप्लिकेशन सुरू होताना आपोआप मायग्रेशन चालवण्यासाठी त्याच्या लॉगिनला टेबलं बदलायचे हक्क द्यावे लागतात, आणि ते हक्क रोजच्या अॅप्लिकेशनकडे असू नयेत.

पायरी ८: चाचणी आणि बदली

चाचणीसाठी ईएफचा इन-मेमरी प्रोव्हायडर वापरू नका. त्यात ट्रान्झॅक्शन नाही, कोलेशन नाही, फॉरेन कीचं बंधन नाही, आणि जी क्वेरी एसक्यूएल सर्व्हरवर पडेल ती तिथे खुशाल चालते. लोकलडीबी किंवा कंटेनरमधला खरा एसक्यूएल सर्व्हर घ्या, प्रत्येक चाचणी ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून शेवटी रोलबॅक करा. काही उत्पादकांची नावं देवनागरीत, काही दशांश तीन अंकी, काही कॉलम नल असा डेटा मुद्दाम भरा.

प्रत्येक स्क्रीनला सेटिंगमधला एक स्विच द्या, म्हणजे गडबड झाली तर रिलीज न बदलता जुन्या वाटेवर जाता येईल. संकलनाची आणि कपातीची स्क्रीन हलवली की पूर्ण दहा दिवसांचं एक बिल निघेपर्यंत जुना कोड जागेवर ठेवा आणि दोन्हींचे आकडे ताडा. सर्व्हर २०१६ किंवा पुढचा असेल तर क्वेरी स्टोअर (क्वेरींना लागलेला वेळ साठवणारी सर्व्हरची सोय) बदलाच्या आधीच सुरू करून ठेवा. नंतर 'आधी किती वेळ लागायचा' या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत मिळतं.

आकडे जुळले की त्या स्क्रीनचा जुना कोड, त्याचा स्विच आणि दुसरं कुणी वापरत नसलेली प्रोसिजर काढून टाका, आणि मगच पुढची स्क्रीन घ्या. क्रम असा ठेवा: उत्पादकाच्या माहितीनंतर कपात, मग दरपत्रक, आणि रोजचं संकलन शेवटी, कारण सकाळी रांग लागलेली असताना ती स्क्रीन थांबून चालत नाही.